अनुमोदक पाहिजे

कापणीचे दिवस आले की माझे पाय घरात ठरत नाहीत. लवकर पिकणारा हलका धान केव्हाच निघाला. उशिराचा भारी धान अजून बांधीत, बांध घातलेल्या शेतात, पिवळा होऊन वाकला आहे, आणि सकाळी दार उघडलं की दवानं भिजलेल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास थेट नाकात शिरतो. वर बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ पोरांचं छोटं विमान घरघरत गोल गोल फिरत असतं. ते कुठे जात नाही आणि उतरतही नाही. मीही आज तशीच अंगणातून परसात, परसातून अंगणात फेऱ्या मारते आहे. आई ओसरीवर सुपात डाळ घेऊन बसली आहे. "बस ना वं एका जागी," ती म्हणते, "कायले भवऱ्यासारखी फिरून राहिलीस?"

मी बसत नाही, कारण हातातल्या फोनवर एक पान उघडं आहे. त्या पानावर पल्लवीनं एक प्रस्ताव मांडला आहे. त्याची मुदत आज संध्याकाळी संपते आणि तो मंजूर व्हायला कुणातरी एका माणसाचा होकार लागतो. एवढ्या मोठ्या जगातून तो अजून कोणी दिलेला नाही. मी दिला तर पल्लवी सुटते. नाही दिला तर अडकून पडते. आणि खरं सांगायचं तर गेले कित्येक दिवस माझ्या मनात एकच आहे, की देऊ नये.

आता हे पान कसलं, ते आधी सांगते. मी आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. संगणकाला काम सांगायच्या ज्या भाषा असतात त्यांतली एक भाषा मी ऐन उमेदीत शिकले आणि तिच्यातच राहिले. ती कुण्या कंपनीची नाही. आमच्या गावच्या तलावासारखी आहे ती. पाणी सगळ्यांचं, आणि पाळ खचली तर मातीही सगळ्यांनीच टाकायची. जगभरातले लोक आपला कामधंदा सांभाळून ती घडवतात. तिच्यात काही बदलायचं तर कुणी साहेब हुकूम काढत नाही. ज्याला बदल पाहिजे त्यानं प्रस्ताव लिहायचा. काय बदलायचं, का बदलायचं, कुणाचं मोडेल, सगळं उघडं लिहायचं. मग त्याखाली ज्याला जे म्हणायचं ते तो म्हणतो. भांडणंही होतात, पण इतकी सभ्य की आपला अपमान झाला हे दुसऱ्या दिवशी दात घासताना लक्षात येतं. चर्चेला मुदत असते. आधीच्या नियमानं मुदतीत कुणाची हरकत आली नाही, तर प्रस्ताव मंजूर.

हे सगळं मला फार आवडायचं. अजूनही आवडतं. आमच्याकडच्या बैठका मी पाहिलेल्या आहेत. बैठकीत सगळे मूग गिळून बसतात आणि सभा सुटली की पानठेल्यावर खरी सभा भरते. तिथे कोण काय म्हणालं त्याचा काही पुरावा नसतो. या पानावर मात्र सगळं लेखी. पानाच्या बाहेर बोललेलं धरतच नाहीत. आपल्यासारख्या फटकळ बाईला ही जागा बरी, असं मला वाटायचं.

पल्लवी म्हणजे आमच्याच आळीतली पोर. तिच्या घरी थोडी धानाची शेती, बाकी आई-बाप दोघं दुसऱ्याच्या बांधीत कामाला. त्या वर्षी, ज्या वर्षीची कापणी माझ्या डोक्यातून जात नाही त्या वर्षी, ती गोंदियाला बी.एस्सी. करत होती. सकाळच्या एसटीनं जायची, दुपारी यायची. उरलेला वेळ अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे आमच्या विहाराला लागून असलेली पत्र्याची खोली. कुठल्याशा कार्यालयानं काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर मी तिथे मांडले होते. खताच्या पिशव्या उसवून आईनं त्यांना झाकणं शिवली होती. कापणीत सगळीकडे धानाची धूळ उडते, ती आत गेली की मशीन खोकलायला लागायची. गोंदियाचा दुरुस्तीवाला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, इसको अब म्युझियम में दे दो." मी म्हणायची, "भैया, तू पंखा बदल, म्युझियम का मैं देखती हूँ."

पण त्या खोलीत काय चालायचं! दहा-बारा पोरी, बाहेर धान चुरण्याचा, मळणीचा आवाज, आत कळफलकांची टकटक. कुणी तलावाचं पाणी कोणत्या बांधीला केव्हा जाईल ते दाखवणारा प्रोग्रॅम लिहितेय, कुणी पाढे म्हणवून घेणारा. पल्लवी सगळ्यांच्या पुढे. चूक सापडली की ती खुर्चीवरून उठून दोन पावलं नाचायची आणि परत बसायची. मला ते पाहून फार बरं वाटायचं.

आणि अशातच एका सकाळी, तलावाच्या पाळीवर जाऊन फोनवर उतरवून आणलेला एक प्रस्ताव मी घरी चहा पिता पिता वाचला. तिकडची माणसं आपण झोपलो की बोलतात, त्यामुळे आमच्या हाती सगळं सकाळी शिळं होऊन येतं. प्रस्ताव मार्था नावाच्या बाईंचा होता. मार्थाबाई कुठल्याशा थंड देशात राहतात आणि त्या भाषेच्या कारभारात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या बनावटीच्या मशीनसाठी भाषेची नवी आवृत्ती काढणं आता बंद करू. त्यात फार श्रम जातात आणि वापरणारं कुणी नाही. कुणी नाही हे कशावरून? तर डाउनलोडच्या आकड्यांवरून. जुन्या मशीनसाठीची प्रत जगात जवळपास कुणीच उतरवून घेत नव्हतं.

माझा चहा तसाच राहिला. अहो, उतरवून घेणार कुठून? आमच्याकडे तेव्हा रेंज यायची ती फक्त तलावाच्या पाळीवर. पल्लवी गोंदियाच्या कॉलेजात एकदा प्रत उतरवायची, पेन ड्राइव्हवर घालून एसटीनं आणायची, आणि खोलीतल्या सगळ्या मशीनींवर टाकायची. तोच पेन ड्राइव्ह पुढे कोहमाऱ्याकडच्या एका शाळेत जायचा, तिथून आणखी कुठे. डाउनलोड एक, आणि त्यावर शिकणारी लेकरं किती, ते त्या बाईंना कसं दिसणार? मुदतही जवळपास संपत आलेली. मी त्याच दिवशी परत पाळीवर जाऊन हरकत लिहिली. सभ्य इंग्रजीत, दोनदा तपासून. दुसऱ्या सकाळी उत्तर आलं, 'धन्यवाद. असे किती लोक आहेत, काही आकडे देता येतील का?' बाकी सगळे गप्प.

मी घरी चरफडत बसले. आईनं सगळं ऐकून घेतलं. आईला कॉम्प्युटर कळत नाही, पण सभा कळते. मागे एकदा तलावाचं पाणी टोकाच्या बांध्यांना पोचत नव्हतं, तेव्हा एकटा माणूस बैठकीत बोलला की त्याला खाली बसवत. मग एक दिवस आई आणि आळीतल्या सगळ्या बाया मिळून गेल्या आणि बैठकीत जागा धरून बसल्या. पाणी आलं. तिनं मला तेच सांगितलं. "एकटीच काऊन भांडून राहिलीस? एकट्याचं कोन आयकते? मानसं घेऊन जाय."

मला पटलं. न पटायला काय झालं, मी याच गावची. पल्लवीला सांगितलं तर तिचे डोळेच लकाकले. त्याच दुपारी आमची वरात पाळीवर गेली. खाली बांध्यांतून कापणी चाललेली, वर पाळीवर ओळीनं पोरी, प्रत्येकीच्या हातात कुणाचा तरी फोन. प्रत्येकीनं नवं खातं उघडलं आणि पल्लवीनं जे लिहून दिलं होतं तेच लिहिलं, 'माझीही हरकत आहे. कृपया जुनी मशीन बंद करू नका.' एक झाली की दुसरी. जिला इंग्रजी टाइप करता येत नव्हतं तिच्या फोनवर शेजारणीनं केलं. खाली बांधीतल्या बाया कमरेवर हात देऊन पाहायला लागल्या. एकीनं तर ओरडून विचारलं, "अवो, सेल्फी काढून राहिल्या का?" केवढा उत्साह होता! मला वाटलं, झालं, जिंकलो.

सकाळी पाहते तर पानाला कुलूप. मार्थाबाईंनी लिहिलं होतं की एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, नव्या खात्यांवरून सारखाच मजकूर येत आहे, हा ठरवून केलेला गोंधळ दिसतो, म्हणून चर्चा थांबवत आहोत. काही पोरींची खाती गोठवलेली. पल्लवी अभ्यासिकेच्या पायरीवर बसून राहिली. "ताई," ती म्हणाली, "आपन काई शिवी देल्ली का त्याईले?" आईला कळलं तेव्हा ती भडकली, "मानसं आली मनून दार लावते? ही कोन पाटलीन लागून गेली?"

आम्हाला जे माहीतच नव्हतं ते मग कळलं. तिथे डोकी मोजत नाहीत. हजार माणसं 'मीही, मीही' म्हणाली तरी ते एकच वाक्य धरतात, उलट त्रास धरतात. तिथे कारण मोजतात. तुमचं नेमकं काय मोडतं, कसं मोडतं, ते दाखवा म्हणतात. आमच्याकडे माणूस स्वतः उठून आला हेच कारण असतं. दिवसाची मजुरी बुडवून आला, आणखी काय दाखवायचं? कोण बरोबर यावर मी बरेच दिवस मनातल्या मनात भांडले. आजही तिढा पुरता सुटलेला नाही.

ते दिवस मंडईचे होते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया भरतात. पाळणे, जिलेबी, दंडारीचं लोकनाट्य, सगळ्या रस्त्याला माणसंच माणसं. आमच्या गावची मंडई होती त्या दुपारी सगळ्या पोरी नवे कपडे घालून गेल्या. पल्लवी गेली नाही. ढोलकीचा आवाज येत होता आणि ती त्या पत्र्याच्या खोलीत एकटी बसून लिहीत होती. मी जिलेबी घेऊन गेले तर तिनं पाहिलंही नाही. संध्याकाळी तिनं मला वाचायला दिलं. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या गावात इंटरनेट तलावाच्या पाळीवर आहे आणि कॉम्प्युटर विहाराजवळ. दोघांची भेट पेन ड्राइव्हवर होते. तुम्ही पाहता तो एक डाउनलोड म्हणजे आम्ही सगळ्या.' पुढे तिनं त्या पेन ड्राइव्हचा सगळा प्रवास लिहिला होता. मशीन कोणती, त्यावर कोणती प्रत चालते, नवी आली नाही तर काय काय अडेल. शेवटी, आम्ही एकदम का लिहिलं तेही. 'आमच्याकडे असंच बोलतात.' मी एक शब्दही बदलला नाही. बदलायला काही नव्हतंच.

पान बंद होतं, म्हणून ते मार्थाबाईंना मेलनं पाठवलं, आणि कुलूप उघडलं. मार्थाबाईंनी चक्क माफी मागितली. डाउनलोड मोजले आणि त्यालाच माणसं समजलो, असं त्यांनी सरळ कबूल केलं. एवढंच नाही, त्यामुळे एक नियमच बदलला. भाषेतून काही काढून टाकायचं असेल तर यापुढे नुसतं गप्प राहणं होकार धरायचं नाही. प्रस्ताव मांडणाऱ्याशिवाय निदान एकानं तरी नाव घालून 'हो' म्हटलं पाहिजे. म्हणजे आपल्या ग्रामसभेच्या ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो तसंच. आमच्या पत्र्याच्या खोलीमुळे जगाच्या एका नियमाला अनुमोदक लागायला लागला! मी कॉलेजात सगळ्यांना पेढे वाटले. कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

पण मार्थाबाईंनी माफीच्या खालीच एक प्रश्न विचारला होता. जुन्या मशीनसाठीचं काम चालू ठेवू, पण ते करणार कोण? तो प्रश्न तसाच पडून राहिला. भांडायला आलेले सगळे आपापल्या वाटेला लागले. मला कॉलेज, शेत आणि आईचं दुखणं, आणि खरं म्हणजे ते काम माझ्या आवाक्यातलंही नव्हतं. एक दिवस पल्लवीच्या घरी कापणी चालली होती. दुपारच्या भाकरीच्या वेळेला ती पाळीवर आली, हाताला धानाची कुसळं, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. मी तिला फोन दाखवला. तिनं हात पुसले, फोन घेतला आणि लिहिलं, 'मी करीन.' मग हसली आणि परत बांधीत उतरली. मी तिथेच उभी राहून रडले. आनंदानं रडले हो, दुसऱ्या कशानं नाही.

हे काम म्हणजे काय, ते तेव्हा आम्हाला पुरतं उमगलं नव्हतं. नवी आवृत्ती निघायच्या आधी ती जुन्या मशीनवर बांधून, म्हणजे तिथे चालेल अशी प्रत तयार करून, पाहायची. मग चाचण्या. मशीन इतकी संथ की सकाळी चाचण्या लावून माणूस बांधीत गेला आणि दिवस मावळताना आला तरी त्या चालूच. जिथे मोडेल तिथे का मोडलं ते शोधायचं, दुरुस्त करायचं, परत पहिल्यापासून. आवृत्ती काही कुणाच्या कापणीसाठी थांबत नाही. पल्लवीनं हे परीक्षेत केलं. तिची आई दवाखान्यात होती तेव्हा केलं. नागपूरला एका कंपनीत नोकरी लागली, तिथे खोलीवर अभ्यासिकेतली एक जुनी मशीन घेऊन गेली आणि तिथेही केलं. तिकडच्या लोकांना तर ही गोष्ट इतकी आवडली की कुठे सभा-संमेलन असलं की कुणीतरी सांगतंच, भाताच्या शेतातली मुलगी, पेन ड्राइव्ह, तलावाची पाळ. मीही सांगते. नव्या वर्गाला पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगते.

आणि आता, या कापणीत, प्रस्ताव आला. जुन्या मशीनसाठीचं काम बंद करावं. मांडणारी, पल्लवी.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! वाचलं तेव्हा मी गोरेगावच्या बाजारात होते, आठवडी बाजाराच्या ऐन गर्दीत. तिथूनच फोन लावला. ती दिवाळीला घरी आली नव्हती, काम आहे म्हणाली होती. काय काम होतं ते आता कळलं, म्हणून मी आणखीच पेटले. वांग्याच्या ढिगासमोर उभी राहून ओरडत होते, "अगं, तुझी अक्कल गहाण टाकलीस का? तूच बंद करायला निघालीस?"

ती शांत होती. "ताई, हे फोनवर नोका सांगू. पानावर लिहा. पानाच्या भायेरचं बोलनं धरत नाही, तुमीच शिकवलं."

"पानावर लिहीनच. आधी तू सांग. आपली खोली?"

"खोलीत एकच मशीन चालू आहे आता. जुनी प्रत तिच्यावर चालतेच, ते कोनी काढून नेत नाही. नवी येनार नाही, बस. आन मी पानावर वर्षभर विचारून राहिली, कोनी वापरते का मनून. एक मानूस बोलला नाही."

"कोणी बोललं नाही म्हणजे कोणी नाही असं होत नाही, पल्लवी. आपणही तेव्हा बोललो नव्हतो."

मग ती म्हणाली, "माहीत आहे मले. मनूनच इतके दिवस सोडलं नाही. असन कोठंतरी कोनी. असनच. पन मी थकली, ताई. अन थकली एवढंच नाही. मले त्या भाषेत दुसरं काम करायचं आहे, नवं. मी काई सुचवलं की लोक मनतात, वा, तूच ना ती जुन्या मशीनवाली! खूश होतात अन मले परत तेच देतात. मी तेवढीच का?"

मी फोन ठेवला. वांगेवाली म्हणाली, "म्याडम, घ्याचे का वांगे, का नुसते भांडाचे?" घेतले. घरी येऊन पाहिलं तर निम्मे किडके.

तेव्हापासून ही अशी फिरते आहे. पानावर रोज सकाळी पाहते. लोकांनी पल्लवीच्या प्रस्तावाखाली फुलं, हृदयं, हात जोडलेली चित्रं टाकलीत. 'तुझं काम अमोल आहे', 'तुझी गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली'. हरकत एकाचीही नाही आणि अनुमोदनही एकाचं नाही. मार्थाबाईंनीसुद्धा लांबलचक कौतुक लिहिलंय आणि हो-नाही काहीच लिहिलेलं नाही. गोष्ट सगळ्यांना हवी आहे, काम कुणालाच नको आहे. आणि आमच्यामुळे झालेला तोच नियम आता आमच्याच पोरीच्या पायात आलाय. कुणी 'हो' म्हणत नाही तोवर तिचं नाव त्या कामापुढून निघत नाही. उद्या परत नवी आवृत्ती, परत चाचण्या.

माझी हरकत मनात दहा वेळा लिहून झाली आहे. चांगली सबळ हरकत आहे, कारणासकट. कुठेतरी आमच्यासारखी आणखी एक खोली असेल, जिथल्या लेकरांना आपण बोलू शकतो हेच माहीत नसेल. हे खोटं नाही. पण मी हे त्या लेकरांसाठी म्हणते आहे का? मला ती कापणी हवी आहे. ती दुपार, पाळीवरची ओळ, पल्लवीचं ते खुर्चीवरून उठून नाचणं. ते जगात कुठेतरी चालू आहे असं मला रात्री झोपताना वाटायला हवं असतं, आणि ते चालू ठेवायला नागपुरात एक पोर रविवार जाळते आहे.

आज सकाळी फेऱ्या मारून मारून मी शेवटी आईसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आईनं सूप खाली ठेवलं. "भारा पाह्यला का तू कधी डोक्यावर घेऊन?" ती म्हणाली. "चढवायले धा जन येतात. मोठा भारा असला तं एकट्याच्यानं उतरवता येत नाही, मान मोडते. कोनीतरी हात लावा लागते. तिले हात लाव, नाही तं तसं सांगून दे तिले."

मी चप्पल घातली आणि अभ्यासिकेत गेले. कुलूप नव्हतं. दोन मुली खाली सतरंजीवर बसून फोनवर कसलासा प्रोग्रॅम करत होत्या. चांगला करत होत्या, मी वाकून पाहिलं. आता पाळीवर जावं लागत नाही, रेंज खोलीतही येते. कोपऱ्यातल्या मशीनीवर खताच्या पिशवीचं झाकण होतं आणि झाकणावर धानाची धूळ. मी झाकण काढलं, बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली आणि पडदा उजळला. पल्लवीनं शेवटची घातलेली प्रत होती. मी दोन ओळी लिहिल्या, चालल्या. बरोबर चालल्या. सतरंजीवरची एक मुलगी मान वर करून म्हणाली, "मॅडम, हे चालते का अजून? आमाले वाटलं, शोभेले ठेवलं आहे."

राग आला, पण तिच्यावर कशाला? मी मशीन बंद केली, झाकण घातलं आणि तिथेच खुर्चीवर बसून फोन काढला. बाहेर कुणाच्या तरी बांधीत हार्वेस्टर सुरू झाला होता, खोलीचे पत्रे थरथरत होते. ती दुसरी खोली, जी मी कधी पाहिलेली नाही, जी कदाचित कुठेच नाही आणि कदाचित आहे, ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिच्यातल्या लेकरांना काय सांगायचं ते मला आत्ताही माहीत नाही. मला फक्त पल्लवी माहीत आहे. मी लिहिलं, 'माझं अनुमोदन आहे. हे काम पहिल्यांदा मागणाऱ्यांपैकी मी एक आहे. जिनं ते इतकी वर्षं केलं तिला मोकळं करा, आणि ती जे नवं सुचवेल ते नीट ऐका.' खाली माझं पूर्ण नाव, गाव, जिल्हा. पाठवलं. मग मोकळं नाही, रिकामं झाल्यासारखं वाटलं.

घरी पोचायच्या आधीच फोन वाजला. पल्लवीचा संदेश होता. 'ताई, मले वाटलं होतं, सगळ्यात पहिली हरकत तुमचीच येईन.'

मी रस्त्यातच थांबले आणि उत्तर लिहिलं, 'मलाही तेच वाटलं होतं.'